नवी होती तेव्हाही अशीच होती

जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, आणि विकायची आहे का. हल्ली त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: "रिस्टोरेशन कधी पूर्ण होणार?" पहिल्या दोघांना माझ्याकडे ठोकळेबाज उत्तरं आहेत. तिसऱ्याला मी "चाललंय" म्हणतो आणि चहा मागवतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२ ची. रंग फिकट निळा, पण एकच फिकट निळा नव्हे. बॉनेटवरचा निळा वेगळा, डिकीवरचा वेगळा आणि उजव्या बाजूच्या पुढच्या दाराचा तर सरळसरळ दुसऱ्याच गाडीचा वाटावा असा. मागच्या बंपरला खळगा आहे. घड्याळाच्या जागी घड्याळ आहे, वेळ नाही. दारांना आधीच्या मालकाने स्पीकरसाठी पाडलेली गोल भोकं आहेत आणि डॅशबोर्डखाली लटकणाऱ्या टेपमध्ये एक कॅसेट कायमची अडकून बसली आहे. कोणाची गाणी आहेत ते वरून दिसत नाही आणि टेप उघडायला मी कोणाला परवानगी दिलेली नाही.

या छंदातली जाणती मंडळी रिस्टोरेशनची व्याख्या फार स्वच्छ सांगतात: गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची. स्क्रूसुद्धा त्याच डोक्याचा, रंग त्याच छटेचा, सीटच्या रेग्झिनवरची शिवणसुद्धा तशीच. परदेशी मोटारींच्या बाबतीत हे ठीक असेल. पण पद्मिनीच्या बाबतीत मला एक साधी शंका येते. कारखान्यातून निघाली तेव्हा ती नेमकी कशी होती?

मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. आपल्या ओळखीचा चेहरा आला तो १९६४ मध्ये, 'डिलाइट' या नावाने. १९७२ मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. नावं बदलली, ग्रिल बदललं, दिवे बदलले. खालचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मात्र तेच, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. इटलीत ही गाडी साठच्या दशकातच संपली. आपल्याकडे ती २००० सालापर्यंत निघत राहिली. इतकी वर्षं एकच गाडी काढत राहिल्यावर ती निर्दोष व्हायला हवी, असं कोणालाही वाटेल. पण लायसन्स-परमिटच्या काळात गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची, आणि नंबर लागला की काही जण तीच गाडी 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला द्यायचे. रांग एवढी लांब असताना दाराची फट सारखी आहे की नाही हे कोण बघणार?

म्हणून त्या काळी नवी गाडी घेतली की घरी आणण्याआधी, निदान पूजेनंतर लगेच, ती मिस्त्रीकडे जायची. कुठल्याही कंपनीची असो. नटबोल्ट आवळायचे, खालून अँटिरस्ट मारून घ्यायचं, दारांची रबरं नीट बसवायची, चारही दारं एकाच ताकदीने लागतील असं करायचं. पावसात पाणी कुठून आत येतं ते बादली ओतून शोधायचं. हे सगळं करून झालं की पेढे. म्हणजे जिला आपण आज 'मूळ स्थिती' म्हणून डोक्यावर घेतो, त्या स्थितीत ही गाडी शोरूमपासून मिस्त्रीच्या दारापर्यंत, एवढ्याच अंतरात होती. तिथून पुढे ती दुरुस्तच होत आली आहे. मी त्या दुरुस्त करणाऱ्यांच्या रांगेतला आत्ताचा माणूस.

हे मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "साहेब, नवी हुती तवाबी अशीच हुती की. तुमी उगंच जीवाला घोर लावून घेताय."

मिस्त्रींचं गॅरेज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. माझ्यासारख्याचं नशीब इथेच उघडतं. उद्यमनगरात फाउंड्री आहेत, लेथ आहेत, बोअरिंगवाले आहेत आणि 'हे मिळत नाही' हे वाक्य कोणी फारसं मनावर घेत नाही. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला असतो. त्याच्या दांड्यांच्या सांध्यांत छोटे बुश, म्हणजे नळीसारख्या कड्या, असतात आणि ते झिजले की दांडी नुसती लोंबायला लागते. माझ्या गाडीत दुसरा गिअर शोधावा लागायचा. जुन्या कुलपाची किल्ली जराशी वर उचलून फिरवल्याशिवाय लागत नाही, तसं काहीसं करावं लागे. बुशसाठी मी पुण्यात नाना पेठ पालथी घातली, रविवारी जुन्या बाजारात फिरलो, मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारवाल्यांच्या दुकानांत हात काळे केले. मिळाले तेही झिजलेलेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका टर्नरने झिजलेला बुश बोटांत धरला, व्हर्नियर लावला, थोडा वेळ विचार केला आणि गनमेटलचा नवा करून दिला. वर म्हणाला, "ह्यो आता गाडीपेक्षा जास्त टिकंल." मूळ बुश असा नव्हताच. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातली परीक्षक मंडळी इथे माझे गुण कापतील. दुसरा गिअर मात्र पहिल्या फटक्यात पडतो.

पत्र्याचं काम जास्त शिकवतं. जुनी गाडी घ्यायला जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं. दाराच्या खालच्या भागावर ते टेकवायचं. चिकटलं तर पत्रा, सटकलं तर पुट्टी. माझ्या दारांवर ते निम्म्याहून जास्त ठिकाणी सटकलं होतं. दार बाहेरून गंजतं असा आपला समज असतो. ते गंजतं आतून. काच वरखाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच, ते गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. ते बाहेर पडायला तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. वर्षानुवर्षांची धूळ आणि झाडाचा पाला तिथे बसून भोकं बुजतात, पाणी आत साचतं आणि एक दिवस दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फुगा येतो. नखाने दाबला की नख आत.

डेंटरने उजवं पुढचं दार माझ्यासमोर उघडलं. आतून ओंजळभर लाल भुगा निघाला, एक गुलमोहराची शेंग आणि लहान मुलाच्या चपलेचा पट्टा. ती शेंग आत कशी गेली याचा खुलासा आमच्यापैकी कोणालाच देता आला नाही. सडलेली पट्टी कापून त्याने नवा पत्रा वाकवला, आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हातोडी चालवली. हातोडी जोरात नाही, नुसती टकटक. दर चार ठोक्यांनी तळहात फिरवून बघायचं. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं म्हणे. मीही हात फिरवून बघितला, मला काही कळलं नाही. मग तळाची भोकं त्याने मुद्दाम मोठी केली. "कंपनीनं बारीक ठेवलीवती," एवढंच त्याचं म्हणणं. हाही मूळ स्थितीत केलेला बिघाड, आणि मला तो बेहद्द आवडला.

त्या दाराला रंग लावायची वेळ आली तेव्हा पेंटर म्हणाला, सगळी गाडीच घासून काढू, एकदम आरसा करून देतो. हा मोहाचा क्षण असतो. मी आरसा झालेल्या गाड्या पाहिल्या आहेत. एका परिचितांची आहे. ती मेळाव्याला ट्रकवर चढून जाते, ट्रकवरूनच परत येते. पावसाचा थेंब पडला की तिच्यावर कव्हर पडतं आणि मालकाचा चेहराही. तिच्यात बसताना बूट काढायला सांगतात. काम अप्रतिम आहे, प्रश्नच नाही. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती चकाकलीच पाहिजे, तिचा मान आहे. पण पद्मिनीचा मान कधीच तसा नव्हता. तिने मुंबईत काळी-पिवळी होऊन लाखो लोकांची सामानं वाहिली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. बाकी महाराष्ट्रात ती डॉक्टरांची, वकिलांची, साखर कारखान्याच्या संचालकांची गाडी. पुढच्या सलग सीटवर तिघं, मागे मुलं मोजायची नाहीत. अशा गाडीत बूट काढून बसायचं?

मी फक्त दार रंगवून घेतलं. म्हणून ते वेगळं निळं दिसतं.

चालवण्याचं म्हणाल तर यात कौशल्य आहे आणि थोडी खुशामतही. सकाळी चोक ओढायचा, इंजिन जरा सुरात आलं की हळूहळू आत ढकलायचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या बसचा लाल दिवा लागण्याआधीच तिच्या ड्रायव्हरचा बेत ओळखावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नाही; गाडी उभी असताना चाकं वळवायला गेलात तर दंड भरून येतात. पण पुढच्या दाराची त्रिकोणी काच! ती उलटी फिरवली की रस्त्यावरचा सगळा वारा थेट छातीवर येतो. एसी अंगाला गार करतो, ही काच डोकं ताळ्यावर आणते. माझ्या बाजूच्या काचेचं रबर वाळलंय, साठच्या पुढे गेलं की ती शिटी वाजवते. स्पीडोमीटरच्या काट्यापेक्षा मी या शिटीवर जास्त विश्वास ठेवतो.

रविवारी पहाटे आम्ही पन्हाळ्याला जातो. अंतर वीस किलोमीटर, त्यातलं शेवटचं चढाचं. उन्हाळ्यात चढावर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरते, गाडी खोकते आणि थांबते. उपाय पिढीजात आहे: बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बाजूला उभं राहायचं. नवी गाडी रस्त्यात बंद पडली तर लोक हॉर्न वाजवतात. पद्मिनी बंद पडली तर थांबतात. "आमच्या वडिलांकडं हुती," अशी सुरुवात होते. एकाचा जन्म दवाखान्याच्या वाटेवर फियाटमध्ये होता होता राहिलेला, एकाचे मामा हिच्यात सातजणांना बसवून तुळजापूरला गेलेले. फडकं वाळेपर्यंत गोष्ट संपते. बायको पूर्वी वैतागायची, आता येताना थर्मास जास्तीचा घेते.

पेट्रोलची काळजी मात्र नवी आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं, ते या इंजिनांनी पचवलं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, नळ्या मऊ पडून फुगतात. मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आजच्या गाड्यांना चालतात त्या घातल्या, कार्बोरेटर उतरवून आतली वायसरं बदलली. गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, अशी तंबीही दिली. तंबी पाळायला मला काहीच जड जात नाही. 'टाकीतलं पेट्रोल खराब होईल' हे रविवारी घराबाहेर पडायला भक्कम कारण आहे.

कायद्याच्या लेखी ती सध्या कुठलीच नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. मग 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची. ते वय ती २०३२ मध्ये गाठेल. तोवर ती नुसती म्हातारी, दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेससाठी उभी राहणारी आणि पर्यावरण कर भरणारी. शिवाय व्हिंटेज नोंदणीच्या गाड्या रोज रस्त्यावर आणायच्या नाहीत, असाही नियम आहे. मेळावे, प्रदर्शनं, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरत्याच. यातलं कुठलं कारण रविवारी मिसळ खायला जाण्याला लागू पडतं ते बघून ठेवलं पाहिजे.

तूर्त डावं मागचं दार बाकी आहे. त्याच्या खालच्या कडेला फुगा आलाय, मी नखाने दाबलेला नाही. डेंटर म्हणतो गणपतीनंतर घेऊ. कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर, हे त्याने सांगितलेलं नाही आणि मीही खोदून विचारलेलं नाही.