ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते डंडस: नॅरोबोटीतला आरामशीर दिवस

आईबाबा पुण्याहून आले की लंडन, बाथ, स्टोनहेंज हे होतंच, पण यावेळी त्यांना नुसतं बसून इंग्लंड बघता यावं असं काहीतरी हवं होतं, म्हणून जूनमध्ये एका वीकडेला केनेट अँड एव्हन कनालवर (कालव्यावर) दिवसभरासाठी नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद बोट, भाड्याने घेतली. इतका निवांत दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून कधी घालवला होता आठवत नाही.

पहिला सल्ला रूटबद्दल. हा कनाल रीडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल आहे आणि त्यावर शंभरच्या वर लॉक्स आहेत (पाण्याची पातळी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारे दरवाजे), एकट्या डिव्हायझेसजवळ २९, त्यामुळे एका दिवसात लांबवर जायचा विचारच सोडा. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या लॉकच्या खालच्या अंगापासून बाथपर्यंतचा नऊएक मैलांचा पट्टा मात्र लॉकशिवाय आहे. बुकिंग करताना विचारून घ्या की बोट लॉकच्या कुठल्या बाजूने मिळणार. डंडसपर्यंत साधारण दोन तास, तिथे बोट वळवायला मोठी जागा आहे, मग परत. घाई करायची नाही आणि जेवायलाही भरपूर वेळ राहतो.

डे-बोट चालवायला लायसन्स लागत नाही, निघायच्या आधी शिकवतात. टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) उजवीकडे ढकलला की बोटीचं नाक डावीकडे जातं, आणि तेही जरा वेळाने, म्हणून थोडंसं ढकलायचं, थांबायचं, बघायचं. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. ब्रेक नसतो, रिव्हर्स टाकून थांबवायची, आणि बोट कुठे धडकतेय असं वाटलं तर हातपाय मध्ये अजिबात घालायचे नाहीत, पोलादी बोट असते, वजन टनांत असतं. स्पीड लिमिट ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणतात. कित्येकजण या बोटींत कायमचे राहतात, छपरांवर सायकली, लाकडाच्या मोळ्या, कोळशाच्या गोण्या, कुंड्यांमध्ये टोमॅटोसुद्धा. आईने एका आजींना हात केला, त्यांनी लगेच कोथिंबिरीची कुंडी उचलून दाखवली!

वाटेत ॲव्हनक्लिफला पहिला अ‍ॅक्विडक्ट लागतो, म्हणजे नदीवरून कनाल नेणारा दगडी पूल. त्याच्या दोन्ही टोकांना कनाल एकदम काटकोनात वळतो, तिथे एकाने पुढे उभं राहून समोरून कुणी येतंय का ते सांगायचं. मधली कमान बांधल्यानंतर थोडी खचली ती आजही तशीच दिसते. पुढचा डंडस अ‍ॅक्विडक्ट मात्र माझा सगळ्यात लाडका, बाथच्या पिवळसर दगडातला, १८०५ चा, इंजिनियर जॉन रेनीने बांधलेला. खाली एव्हन नदी, शेजारून रेल्वे आणि वर आपण चहा पीत बोटीत! बाबा सिव्हिल इंजिनियर, त्यांनी बोट काठाला बांधायला लावली आणि खाली उतरून कमानी बघायला गेले ते अर्ध्या तासाने आले. याच अ‍ॅक्विडक्टला गळती लागून तो १९५४ मध्ये बंद पडला होता, लोकांनी वर्षानुवर्षं खपून कनाल परत उभा केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. हे कळल्यावर प्रत्येक पुलाकडे बघताना त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

जेवण घरून न्या, आम्ही दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि चटणी नेली होती. ॲव्हनक्लिफला पब आहे पण वीकेंडला गर्दी असते. बोटीत टॉयलेट आणि किटली आहे का ते आधी विचारा. जूनमध्येही रेनकोट आणि स्वेटर हवाच, टिलरपाशी उभं राहिलं की वारा लागतो. पायऱ्या उंच असतात, गुडघे दुखणाऱ्यांना हात द्या, लहान मुलांना लाईफ जॅकेट आग्रहाने मागून घ्या. आणि परतायची वेळ नक्की असते, त्यामुळे निम्मा वेळ झाला की कुठेही असलात तरी पुढच्या वळवायच्या जागेवरून बोट फिरवा.

गाडीपेक्षा ट्रेन बरी, बाथहून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन पंधराएक मिनिटांवर आहे. वेळ उरला तर कनालजवळच चौदाव्या शतकातलं टाइद बार्न, म्हणजे धान्याचं जुनं कोठार, आहे, नुसतं त्याचं लाकडी छप्पर बघायला तरी आत जाच.