रुपया एक, कारणं दोन

ऑगस्ट 2013 मध्ये डॉलर 68 रुपयांच्या वर गेला, तेव्हा बिझनेस चॅनेलवर नुसतं सुतक होतं. लाल बाण खाली चाललेले आणि येईल तो पाहुणा ‘पॉलिसी पॅरालिसिस’ म्हणणार, म्हणजे सरकार निर्णयच घेत नाही. सगळा दोष सरकारचा.

ऑक्टोबर 2022 मध्ये डॉलर 83 ला टेकला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन वॉशिंग्टनमध्ये म्हणाल्या की रुपया घसरत नाहीये, डॉलर मजबूत होतोय. आमच्या दुकानात जो चॅनेल लावलेला असतो त्यावर मग दिवसभर तेच. हे म्हणणं खोटं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, भराभर व्याजदर वाढवले होते, येन-पौंडही पडले होते. पण 2013 ला तरी दुसरं काय झालं होतं? बाजारात पैसा ओतणारी रोखेखरेदी आवरती घेऊ, असं फेडचे तेव्हाचे प्रमुख बर्नान्की मे महिन्यात बोलले आणि आपल्यासारख्या देशांतून पैसा निघून गेला. आपली चालू खात्यातली तूटही (देशात येणाऱ्या कमाईपेक्षा बाहेर जाणारा खर्च जास्त) तेव्हा मोठी होती, हे मान्य. म्हणजे दोन्ही वेळा थोडं बाहेरचं, थोडं घरचं. टीव्हीने मात्र एकदा फक्त घरचं दाखवलं आणि एकदा फक्त बाहेरचं. मला राग येतो तो याचा.

सांगलीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे, हिशेब मी बघते. तासगावचे एक बागायतदार त्या सुमारास टीव्हीकडे हात करून म्हणाले, “वहिनी, हे तर सगळं बरं चाललंय म्हणत्यात. मग औषधाचा रेट का वाढलाय?” मी त्यांना जीएच्या, म्हणजे द्राक्षावर मारायच्या जिबरेलिक ॲसिडच्या, पाकिटावरची मागची बारीक ओळ दाखवली, मूळ देश चीन. माल डॉलरमध्ये येतो, दादा. ते म्हणाले, मग हे टीव्हीवर का सांगत नाहीत?

उलट रुपया पडला की डॉलरचे जास्त रुपये मिळतात, म्हणून ‘निर्यातदारांचा फायदा’ हे वाक्य सतत ऐकू येत होतं. आपल्याकडून युरोपला जाणारी द्राक्षं बरीचशी नेदरलँड्सला उतरतात, पैसे युरोत येतात, आणि त्या ऑक्टोबरात युरो आदल्या वर्षीपेक्षा स्वस्त झाला होता. कसला फायदा?

7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली. चॅनेलवर साखर कंपन्यांचे शेअर किती पडले आणि साखरेचे भाव कसे आटोक्यात राहतील, एवढंच. इथेनॉल प्रकल्पासाठी कर्ज काढलेल्या कारखान्याचं काय, वाळव्यातल्या ऊसवाल्याचं बिल कधी निघणार, हे अधिकाऱ्याला विचारायला किती वेळ लागला असता?

यात मालकीचा भाग आहेच. सीएनबीसी-टीव्ही18 ज्या नेटवर्क 18 मध्ये येतं, ते 2014 पासून रिलायन्सकडे आहे, आणि एनडीटीव्ही 2022 च्या अखेरीस अदानींकडे गेलं. बंदरं, वीज, टेलिकॉम, सगळेच धंदे सरकारी निर्णयांवर चालणारे. प्रत्येक बातमी वरून सांगून येते असं मी म्हणत नाही. पण शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या 2014 च्या नियमांनी टीव्हीवर शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाला त्यात स्वतःचे पैसे आहेत का ते सांगावं लागतं. तसंच सरकारी धोरणावर चर्चा चालू असताना, या निर्णयात आमच्या मालकाचा अमुक धंदा गुंतलेला आहे, अशी पट्टी चॅनेलने खाली चालवावी. पट्ट्या तर दिवसभर चालूच असतात.