एकोणसाठ, छत्तीस जिल्हे आणि एक्सेल शीट: राज्यभराच्या ट्रेनिंगचा माझा अनुभव

सध्या मी परत माझ्या झेडपीच्या शाळेवर आहे, दुसरी-तिसरी एकत्र, पट 31. पण मधली पावणेदोन वर्षं पुण्यात प्रतिनियुक्तीवर होते आणि तिथं पहिली ते तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांचं गणिताचं राज्यव्यापी प्रशिक्षण माझ्या गळ्यात पडलं. पडलं असंच म्हणते, कारण मला बोलावलं होतं घटकसंच लिहायला, म्हणजे ट्रेनिंगचं पुस्तक, आणि समन्वय ज्यांच्याकडं होता त्या सरांची बदली झाली, मग एका मीटिंगमधे साहेब म्हणाले मॅडम तोपर्यंत तुम्हीच बघा ना. ते तोपर्यंत काही संपलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राज्यातल्या सगळ्या शिक्षकांना कुणी एका हॉलमधे बसवू शकत नाही, म्हणून शिडी असते. पुण्यात राज्य सुलभक, म्हणजे ट्रेनिंग देणारे, तयार होतात, ते डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण प्रशिक्षण संस्थेत, जाऊन जिल्हा सुलभकांना शिकवतात, ते तालुक्याच्या सुलभकांना, आणि तालुक्याचे सुलभक शेवटी शिक्षकांना. 36 जिल्हे, साडेतीनशेच्या वर तालुके. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाचे करावेत असं आलंय आणि 2021 ला निपुण भारत सुरू झाल्यापासून पायाभूत वाचन-गणितावर सगळ्यांचा जोर आहे, त्यामुळं आमच्या ट्रेनिंगला नाही कुणी म्हणत नव्हतं. अडचण वेगळीच होती.

पहिले दोन महिने मी गणिताचं एक अक्षर बोलले नाही, फक्त याद्या. कुठल्या तालुक्यातून किती शिक्षक, कुठल्या माध्यमाचे, कुणाचं आधीच झालंय, कोण बाळंतपणाच्या रजेवर, कोण पुढच्या महिन्यात रिटायर होणार. गूगल फॉर्म पाठवला तर एकच सर तीन वेळा भरणार, एकदा सुनील एकदा सुनिल आणि एकदा नुसतं पाटील एस बी. शाळेचा यूडायस कोड, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, 11 आकडी, आपल्या राज्याचा 27 पासून सुरू होतो, आणि एक्सेलचा कॉलम अरुंद असला की ते गुपचूप 2.72ई+10 असं दाखवतं, मग कुणीतरी त्याचीच प्रिंट काढून, सही शिक्का मारून, स्कॅन करून पीडीएफ पाठवतं. अशा पीडीएफ मी रात्री अकरा वाजता हाताने टाईप केल्यात. शेवटी पगाराच्या प्रणालीतला शालार्थ आयडी हाच खरा धरायचा ठरवलं आणि नावाकडं बघायचंच सोडलं, तेव्हा कुठं यादी ताळ्यावर आली. पण खासगी शाळांतल्या बऱ्याच जणांना शालार्थ आयडी नसतोच, मग त्यांची वेगळी शीट. असो.

मग तारखा. पुण्यात बसून कॅलेंडर बघितलं तर जुलै मोकळा दिसतो, परीक्षा नाहीत सुट्ट्या नाहीत. मी जुलै टाकला. दुसऱ्याच दिवशी गडचिरोलीहून फोन, मॅडम पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तुमचे सुलभक पोचणार कसे आणि शिक्षक येणार कसे. बरोबरच होतं त्यांचं. मग ऑगस्ट-सप्टेंबर म्हटलं तर कोकणवाले म्हणाले गणपतीच्या आसपास आमच्याकडं कुणी भेटणार नाही, विदर्भातली शाळाच आमच्यापेक्षा उशिरा उघडते त्यामुळं ते म्हणाले आमचा अजून श्रीगणेशा चाललाय, नंतर दिवाळी, नंतर स्कॉलरशिप, नंतर बोर्डाचे पेपर आले की हायस्कूलचे हॉल मिळत नाहीत. उन्हाळ्यात घ्या म्हटलं की संघटना, आणि त्याच्या बदल्यात अर्जित रजेचा हिशोब. या सगळ्यात मतदार यादीचं काम कधीही टपकतं, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी, म्हणून बरेच प्राथमिक शिक्षकच असतात. शेवटी मी राज्याला एक तारीख द्यायचा नाद सोडला, दहा आठवड्यांची खिडकी दिली आणि जिल्ह्यांना म्हटलं तुमचं तुम्ही बसवा, फक्त आठवडाभर आधी कळवा. वरून थोडी कुरकुर झाली की एकसूत्रता राहणार नाही. नाही राहिली, पण ट्रेनिंग झालं.

पुण्यातलं राज्य सुलभकांचं पाच दिवसांचं सत्र मात्र मस्त झालं, त्याबद्दल जरा जास्त लिहिते. दुसऱ्या दिवशी दशक-एकक होतं. प्रत्येक टेबलवर आईस्क्रीमच्या काड्यांचा ढीग आणि रबरबँड ठेवले, सगळे वीस-वीस वर्षं नोकरी झालेले लोक, एक सर म्हणालेच, मॅडम आम्ही काय पोरं आहोत का काड्या मोजायला. मी म्हटलं 59 मोजा. त्यांनी मोजल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या. मग विचारलं की आता यात एकोणसाठ कुठं दिसतंय दाखवा. सगळे गप्प. कारण समोर पाच आणि नऊ आहेत आणि तोंडात साठ आहे, जो टेबलवर कुठंच नाही, एक काडी कमी पडलेला साठ. पोरगं 59 च्या जागी 69 लिहितं तेव्हा ते ढ नसतं, त्याला साठ ऐकू आलेलं असतं. सत्तावन्नला 75 लिहितं कारण सत्ता आधी ऐकलं. मी स्वतः बारा वर्षं असल्या उत्तरांवर लाल फुली मारलीय, हे सांगायला लाज वाटते.

तिथून गाडी जायची ती 2019 वर गेलीच. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेव्हा एकवीसबरोबर वीस एक असं संख्यावाचन आलं होतं आणि विधानसभेपर्यंत गाजलं होतं, आठवत असेल. अर्धा तास नुसता गोंधळ, लातूरचे एक सर आणि रत्नागिरीच्या एक मॅडम यांचं तर जेवणाच्या रांगेतपण चालूच होतं. माझं मत विचाराल तर पन्नास नऊ हा हात धरायला द्यायचा, चालायला लागलं की सोडायचा, पण एकोणसाठ शिकवायचंच, कारण बाजारात भाजीवाली पन्नास नऊ म्हणणार नाही. आणि आमची आजी तर विसावर मोजायची, तीन विसाला एक कमी म्हणायची, तिला कुठल्या पुस्तकात बसवणार.

तर हे असं दीड तासाचं सत्र. मी खूष. वाटलं हेच खाली जाणार.

दीड महिन्यानं मराठवाड्यातल्या एका तालुक्यात शेवटच्या पायरीचं ट्रेनिंग बघायला गेले, न सांगता. हायस्कूलचा हॉल, पन्नासच्या वर लोकांच्या दोन बॅचेस होत्या पण तारखा जुळेनात म्हणून एकत्र केलेल्या, 112 लोक, दोन पंखे, माईक शिट्ट्या मारतोय. दशक-एकक आलं. स्क्रीनवर काड्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो. आमचाच फोटो, पुण्यात काढलेला, कोपऱ्यात माझ्या हाताचा अंगठा दिसतोय. सुलभक म्हणाले, तर अशा प्रकारे गठ्ठे करून संकल्पना स्पष्ट करावी, पुढची स्लाईड. मी घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं. माझ्या शेजारच्या मॅडम घटक चाचणीच्या वह्या तपासत होत्या आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही, मी निष्ठा या शिक्षक प्रशिक्षणाचे ऑनलाइन कोर्स दीक्षा अॅपवर असेच केलेत, मोबाईल फ्रीजवर उभा करून भाजी चिरता चिरता, व्हिडिओ संपला की ओल्या बोटानं पुढं.

जेवायला त्या सुलभकांच्या शेजारी बसले, ओळख सांगितली, बिचारे घास सोडून उभेच राहिले. म्हटलं बसा हो सर, एवढंच सांगा काड्या का नाही दिल्या. ते म्हणाले, कसल्या काड्या मॅडम? त्यांना जिल्ह्याला पाच दिवसांचं दीड दिवसात उरकून दिलं होतं, पेनड्राईव्हमधे पीपीटी, आणि निरोप एकच की वरून आलंय ते जसंच्या तसं पोचवा. त्यांनी पोचवलं. आमच्या पत्रात लिहिलेलं की साहित्य स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावे. ते वाक्य मीच टाईप केलं होतं, सगळ्या पत्रांत असतं म्हणून. त्या वाक्याचा अर्थ मला त्या हॉलमधे कळला.

संध्याकाळी त्या बॅचचा ऑनलाइन फीडबॅक बघितला. 112 पैकी 112 अतिउत्तम. आमच्या शीटवर तो तालुका हिरवा झाला.

परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या सत्राच्या स्लाईड्सच फाईलमधून उडवल्या, फोटोसकट, की सुलभकाला दाखवायला काही उरलंच नाही पाहिजे, आणि उरलेल्या प्रत्येक बॅचमागं काड्या आणि रबरबँडची एक पिशवी पुण्याहूनच पुस्तकांच्या गठ्ठ्यात बांधून पाठवली. त्यासाठी कुठल्या हेडमधून खर्च टाकायचा यावर तीन आठवडे फाईल फिरली, अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या आईस्क्रीमच्या काड्या असं बिलात लिहू नका, शैक्षणिक साहित्य लिहा. लिहिलं. पीपीटी गायब झाल्यावर पन्नासेक फोन आले की फाईल करप्ट आहे, पुन्हा पाठवा. काहींनी जुनी पीपीटी शोधून चालवलीच, ती व्हॉट्सअॅपवर फिरतच होती, तिला कोण अडवणार. पण बऱ्याच ठिकाणी काड्या टेबलवर आल्या. सगळीकडं नाही.

आता जतचा किस्सा, हा मला सगळ्यात जवळचा. आपल्याकडं बालभारतीची पुस्तकं आठ माध्यमांत निघतात, त्यात कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, सिंधी सगळं आलं, आणि आमचा घटकसंचपण मराठीत लिहून बाकीच्यांत भाषांतर केलेला. सांगली जिल्ह्यात जत, सोलापुरात अक्कलकोट या भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तर जतहून एका सरांचा फोन, एकदम नम्र आवाज, मॅडम पान नंबर 14 आमच्यासाठी आहे का? पान 14 म्हणजे माझं लाडकं एकोणसाठचं पान. म्हटलं हो, का? तर म्हणाले आमच्यात 59 ला ऐवत्तोंबत्तु म्हणतात, ऐवत्तु म्हणजे पन्नास आणि ओंबत्तु नऊ, सरळच आहे, आमचं पोरगं तिथं चुकत नाही, मग आम्ही दीड तास कुठली अडचण सोडवायची?

मला काय बोलावं सुचेना, आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. भाषांतर करणाऱ्यांनी इमानदारीत शब्दाला शब्द केला होता, त्यामुळं कन्नड पुस्तकात एक पान भरून कन्नडमधे नसलेली अडचण समजावून सांगितलेली. तेलुगूत तेच, याभै तोम्मिदी. उर्दूवाल्यांना मात्र ते पान लागू पडत होतं कारण उनसठ म्हणजे आपला एकोणसाठच. इंग्रजी माध्यमात फिफ्टी नाईनला त्रास नाही पण थर्टीनला आहे. राज्यभरासाठी म्हणून लिहिलं खरं, पण लिहिताना माझ्या डोळ्यापुढं माझा वर्ग होता, सातारा जिल्ह्यातला.

मग त्या सरांनाच म्हटलं तुम्ही लिहा ते पान. त्यांनी आणि अजून एका बाईंनी मिळून चार दिवसात लिहून पाठवलं, आणि त्यात मला न सुचलेली गोष्ट होती, की त्यांच्या मुलांची खरी अडचण पुढं येते, जेव्हा मुलगा बाजारात जातो आणि मराठी दुकानदार एकोणसाठ रुपये म्हणतो, आणि हा 69 काढून देतो. शाळेत बरोबर आणि दुकानात चूक. त्यांनी दुकानाचा खेळच दिला होता, एक मूल मराठीत किंमत सांगणार, दुसरं कन्नडमधे परत सांगून काड्यांनी पैसे देणार. छापायला वेळ नव्हता, छापखान्याचं काम संपलं होतं, म्हणून ते पान झेरॉक्स करून पुस्तकात चिकटवून वाटलं. डिंक त्यांनीच आणला.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहे आणि उरलेल्यांना खरं वाटणार नाही. चहा-जेवणाचा माणशी दर ठरलेला, मार्चच्या आत पीएफएमएस या सरकारी पेमेंट प्रणालीवरून गेला नाही तर परत, आयएफएससी कोडमधे शून्य आणि ओ ची अदलाबदल झाली की सुलभकाचं मानधन हवेत. काही सुलभकांना सहा महिन्यांनी मिळालं, काहींना माझ्यादेखत मिळालंच नाही, आणि तेच लोक पुढच्या ट्रेनिंगला पुन्हा आले. का आले हे मी विचारलं नाही.

जूनमधे मी कार्यमुक्त होऊन शाळेवर आले. पोरांना काड्या दिल्यात, दुसरीतली एक पोरगी परवा 59 ला मोठ्यानं म्हणाली, साठ व्हायला एक पाहिजे, आणि माझ्या टेबलवरची एक काडी उचलून घेऊन गेली. तेवढ्यात फोन वाजला. एका तालुक्याचं खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र अजून यायचंय आणि ते मॅडम तुम्हीच द्यायला सांगा. म्हटलं अहो मी आता तिथं नाही, शाळेवर आहे. तर म्हणाले, हो का, पण यादीत नंबर तुमचाच आहे ना.