निवडून न येणाऱ्याला मत का देता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या इंदूरच्या रामबागेत हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी विचारतंच, "काकू, दोन मोठे पक्ष सोडून तिसऱ्याला मत देऊन काय मिळतं? वायाच जातं ना?"

माझे आजोबा कापड गिरणीत कारकून होते. १९६२ला त्यांनी कामगार नेते होमी दाजींना मत दिलं. दाजी अपक्ष होते, समोर काँग्रेस. शेजारी म्हणाले, अपक्षाला कशाला? दाजी इंदुरातून लोकसभेत गेले. आजोबा सांगायचे, ते गिरणीच्या फाटकावर आमच्यासोबत उभे राहायचे, आणखी काय बघायचं?

मीही तेच बघते.

१३ मे २०२४ला इंदुरात वेगळाच प्रश्न होता. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपात गेला. काँग्रेसने ‘नोटा’, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’चं बटण दाबा म्हणून आवाहन केलं. आमच्या घरी पोहे खाताना त्यावर वाद झाला. मुलगा म्हणाला, राग दाखवायचा तर नोटाच. त्याचा राग मला पटत होता, तरी मी एका अपक्षाचं बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते; त्याचं नाव आणि चिन्ह मी नीट वाचलं, मग चिठ्ठी खाली पडली. भाजपच्या शंकर लालवानींना १२,२६,७५१ मतं पडली, नोटाला २,१८,६७४, तिसऱ्या क्रमांकाच्या बसपला ५१,६५९. म्हणजे बाकी सगळ्यांची अनामत गेली. अनामत वाचायला वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मतं लागतात आणि नोटा त्या हिशेबात धरतच नाहीत. एवढी दोन लाखांवर माणसं उन्हात रांगेत उभी राहिली, पण त्यांचं मत कुणा माणसाच्या नावावर चढलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. माझा अपक्ष हरला, पण त्याच्या नावापुढच्या आकड्यात मी आहे. पुढच्या खेपेला उभं राहायचं की नाही, हे तो त्या आकड्यावरूनच ठरवणार.

मात्र दरवेळी तिसऱ्यालाच द्या, असं मी म्हणणार नाही. माझी नणंद ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहते. २०१८च्या विधानसभेला ग्वाल्हेर दक्षिणमध्ये फक्त १२१ मतांनी निकाल लागला. तिने बंडखोर अपक्षाला मत दिलं होतं. दोघांपैकी कोण येतो याची तिला खरंच काळजी होती, आणि निकालानंतर कितीतरी दिवस ती हळहळत होती. अशी अटीतटीची लढत असेल आणि दोघांत मला फरक दिसत असेल, तर मी त्या दोघांतूनच निवडीन. फरक दिसत नसेल तर नाही.

आमच्या गल्लीतली एक मुलगी नगर निगमच्या निवडणुकीला उभी राहायचं म्हणते आहे. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. नळ कोरडा गेला की ती टाकीवर जाऊन कर्मचाऱ्याशी बोलते, आणि टँकर आला की आधी म्हाताऱ्यांच्या घरी पाणी पोचवते. पक्षाचं तिकीट तिला मिळणार नाही. माझं मत तिला.