हेडलाइट लुकलुकतोय? बल्ब बदलण्याआधी होल्डरवरचे व्होल्ट मोजा

हेडलाइट मिणमिणला, लुकलुकला किंवा वारंवार उडाला की पहिला राग बल्बवर निघतो. नवा बल्ब येतो, दोन महिन्यांत तोही जातो. माझं स्पष्ट मत आहे की अशा तक्रारींत बल्बला दोष देण्याआधी त्याच्यापर्यंत वीज कशी पोचते ते बघावं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असलेला एच-४ हॅलोजन धरून चालू. अप्पर ६० वॅट, डिपर ५५ वॅट. इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर मोजा: साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. व्होल्टेज फक्त ५ टक्के वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बल्ब पाठोपाठ उडत असतील तर इथूनच सुरुवात करा. एकाच बाजूचा उडतो? मग काचेला बोट लागलं होतं का ते आठवा. बोटाचा तेलकट डाग काचेवर तापतो आणि तिथेच काच खराब होते. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच बसवा.

आता खरी चाचणी. कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा प्लग, म्हणजेच होल्डर) बल्बला लावलेला, डिपर चालू, इंजिन चालू. मीटरची लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी कपलरच्या मागून डिपरच्या पिनेला. मग दुसरी बाजू: बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. कपलर काढून मोजू नका. विजेचा प्रवाहच नसेल तर गंजलेली पिनसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बरेच जण इथेच फसतात.

एवढासा फरक काय करतो? व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. शिवाय कार्बन धरलेल्या पिनेचा रोध ०.२ ओहम असेल तर साडेचार अँपिअरला तिथे ०.९ व्होल्ट खर्च होतात आणि जवळपास ४ वॅट उष्णता त्या एका पिनेत साठते. होल्डर तपकिरी पडून वितळतो तो असा. वितळलेला होल्डर घासून वापरू नका, सिरॅमिकचा नवा लावा. बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट सोडवून खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. १००/९० वॅटचे बल्ब घालायचा मोह होतो, पण मूळ वायरिंग त्यासाठी नसतं.

तरीही व्होल्टेज पडत असेल तर रिलेचा हार्नेस लावा. रिले म्हणजे थोड्या विजेवर चालणारा स्विच, तो बॅटरीची वीज थेट बल्बला देतो; हार्नेस म्हणजे त्याच्या वायरींचा संच. बॅटरीपासून फ्यूजमार्गे वायर ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून बल्बला. ८५ आणि ८६ वर जुन्या स्विचची वायर आणि अर्थ. मूळ वॅटच्या दोन बल्बना १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, तो बॅटरीच्या जवळच हवा. त्यापुढची वायर कुठे घासली तर तोच आगीपासून वाचवतो.

एलईडीची गोष्ट वेगळी. हॅलोजनमधली तार (फिलामेंट) तापायला-थंडावायला वेळ घेते, म्हणून विजेतले बारीक खंड डोळ्याला दिसत नाहीत. एलईडी ते लगेच दाखवतो. व्होल्टेज पडलं की त्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) बंद होतो, भार गेल्यावर व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा चालू होतो: हेच लुकलुकणं. म्हणजे हॅलोजनवर लपलेली खराब अर्थिंग एलईडीवर उघडी पडते.

काही गाड्या, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, हेडलाइटला वीज तुकड्या-तुकड्यांत देतात. तिथे कपॅसिटर असलेला कॅनबस डिकोडर (तुटक वीज सलग करून एलईडीला देणारी डबी) लागतो. डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ असा इशारा येत असेल तर कारण निराळं: एलईडी कमी वीज घेतो, म्हणून गाडीला बल्ब नाहीच असं वाटतं. त्याला लोड रेझिस्टर, म्हणजे जादा वीज खाऊन गाडीला हॅलोजनसारखा भार दाखवणारा रोध. दोन आजारांना एकच औषध चालत नाही. रेझिस्टरने तुकड्यांतली वीज सपाट होत नाही. आणि ६ ओहमचा रेझिस्टर ३० वॅटच्या वर तापतो, तो धातूवरच बसवा, प्लास्टिक किंवा वायरला टेकवू नका.

एलईडी अजिबात लागलाच नाही तर आधी दोन पिनांचा कपलर उलटा लावून बघा. हॅलोजनला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक पडत नाही, एलईडीला पडतो. एच-४ चा तीन पिनांचा कपलर उलटत नाही, तिथे काही जपानी गाड्यांचं निगेटिव्ह स्विचिंग आड येतं: सामाईक पिनेला कायम पॉझिटिव्ह, अप्पर-डिपर अर्थकडून बदलतात. अशा वेळी दोन्ही पद्धतींना चालणारा बल्ब किंवा त्यासाठीचा अॅडॉप्टर घ्या.

पंधरा मिनिटांनी एलईडीचा उजेड कमी होत असेल तर बल्बच्या मागचा पंखा ऐका. धुळीने अडकला असेल, किंवा मागच्या रबरी टोपीने हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) दाबलं असेल, तर ड्रायव्हर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. एलईडी लावल्यावर एफएमवर खरखर सुरू झाली तर ड्रायव्हरच्या वायरवर फेराइट कोर (अशी खरखर शोषणारं कडं) चढवा.

एलईडी बसवताना त्याच्या उजेड देणाऱ्या चिप डाव्या-उजव्या बाजूला बघतील असा बल्ब फिरवा, घड्याळातल्या ३ आणि ९ वर. मग सपाट जमिनीवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खाली आणि धारदार हवी. रेघ पसरट असेल, वर उजेड सांडत असेल, तर समोरच्याचे डोळे दिपणारच. तो एलईडी काढून चांगला हॅलोजन परत लावा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, हेही खरेदीआधीच ध्यानात असू द्या.