माझ्या सात दऱ्यांचा समुद्र झाला

मुलांच्या गोष्टीसाठी एक काल्पनिक जंगल रचायला मला दोन पावसाळे लागले. त्याचा नकाशा छापून घेण्यात तिसरा गेला. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

जंगल रचणं तसं सोपंच गेलं. साताऱ्यात राहणाऱ्याला फार कल्पना लढवावी लागत नाही. सात वर्षांनी एकदम फुलून येणारा डोंगर हवा, तर कासची टोपली कारवी आहे. किडे खाणारं रोप हवं, तर तिथलंच दवबिंदू आहे. पानावरच्या चिकट थेंबांना किडा चिकटला की संपला. मी फक्त नावं बदलली. शेजारच्या काकू वाचून म्हणाल्या, "हे जरा अतीच झालं." त्यांना कासला नेऊन आणलं.

नकाशात मुख्य होत्या सात दऱ्या. प्रत्येकीत वारा वेगळ्या सुरात घुमतो आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. चित्र मी हातानं रंगवलं आणि नावं कॉम्प्युटरवर टाईप करून पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडे, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देणाऱ्याकडे दिली. "दोन दिवसांत प्रूफ देतो, मॅडम." नवव्या दिवशी प्रूफ आलं. त्यात ठळक अक्षरांत होतं : सात दर्या.

दऱ्या नव्हे, दर्या! सह्याद्रीच्या कुशीतल्या माझ्या जंगलात सात समुद्र!

मी लाल पेनानं खूण केली. दुसऱ्या प्रुफात दऱ्या सुधारल्या, पण 'वाऱ्याचं खिंडार'चं 'वार्याचं खिंडार' झालं. तिसऱ्या प्रुफात पुन्हा दर्या. "मॅडम, फॉन्टमध्येच तसं येतं," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! एकदा तर तो शांतपणे म्हणाला, "वाचणाऱ्याला कळतं की." कसं कळणार? आचाऱ्यांना दक्षिणा दिली की आचार्यांना, हे त्या एका अर्ध्या र वरच ठरतं ना? चार फेऱ्या झाल्या आणि दर वेळी तासभर बाकावर बसून राहायचं. लग्नपत्रिकांचा सीझन असल्यामुळे माझ्या जंगलाचा नंबर कायम शेवटी.

शेवटी भाच्यानं कारण शोधलं. माझ्या कीबोर्डवर ऱ्य टाईप केला की र आणि हलन्त (पाय मोडायची खूण) यांच्यानंतर, य च्या आधी, जोडणारं एक अदृश्य अक्षर जातं. ते असलं तर दऱ्या, नसलं तर दर्या. दुकानातलं पान लावायचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरांची आजची सर्वमान्य पद्धत, कळत नाही. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये न्यायचा, आणि तिथे ते अदृश्य अक्षर गिळलं जायचं. डीटीपीवाला हातानं दुरुस्त करायचा, पण पुढच्या वेळी पुन्हा मूळ फाईलच कन्व्हर्ट करायचा. जादूच्या जंगलाला घोळही जादूचाच मिळाला, दुसरं काय!

मग मी हट्टाला पेटले. बोरू काढला, काळ्या शाईनं सगळी नावं चित्रावर हातानं लिहिली, स्कॅन केली आणि म्हटलं, आता कर कन्व्हर्ट. नकाशा आता इतका देखणा दिसतो की आधीच का सुचलं नाही असं वाटतं. स्कॅन 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) खाली करू नका. कुणी 'व्हॉट्सॲपवर फोटो टाका, चालेल' म्हणालं, तर ऐकू नका.

नदीचं सांगायचं राहिलंच. पहिल्या नकाशात माझी नदी डोंगरावरून उतरताना दुभंगून दोन दिशांना जात होती. भाचा म्हणाला, "मावशी, उतारावर नद्या एकमेकींना मिळतात, अशा फुटत नाहीत." मी महाबळेश्वरचा दाखला दिला. तर म्हणे तिथे नद्याच वेगवेगळ्या. कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे, आणि मध्ये पाणलोटाची धार. मुकाट्यानं खोडलं. तुमचा नकाशाही एखाद्या चौकस पोराला आधी दाखवा.

आणि हिरवा रंग स्क्रीनवर पाहून खूश होऊ नका. छापल्यावर तो मळकट होतो. एक पान छापून घ्या, उन्हात धरून बघा आणि मगच होकार द्या.

पुस्तक आलं. नकाशा बिनचूक आहे. फक्त मलपृष्ठावरचा मजकूर डीटीपीवाल्यानं टाईप केलेलाच वापरला, तिथे एक दर्या राहिला. 200 प्रती आहेत. काळं जेल पेन घेऊन रोज जेवण झाल्यावर दहा-दहा दुरुस्त करतेय. अजून 80 बाकी आहेत.