केशरी केबल, पिवळी केबल : आमची वाटचाल

2004 साली कराडला गाळा घेतला तेव्हा पाटीवर फक्त ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ होतं. नेटवर्किंग नंतर चिकटलं. आधी पतसंस्था, मग कॉलेजच्या लॅब, मग साखर कारखाने. कारखान्याचं आवार मोठं आणि तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाश नेणारी केबल. त्या वेळी आमच्यासाठी फायबर म्हणजे केशरी जॅकेटची मल्टिमोड. मॉड्यूल (विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा स्विचमधला भाग) स्वस्त, कनेक्टर हातानं घासून बसवता यायचे. आम्ही दोघे भाऊ त्यात इतके तरबेज झालो की थोडे माजलोच.

तो माज 2015 मध्ये उतरला. एका कारखान्यानं स्विच बदलून गिगाबिट घेतलं. ऑफिसपासून वजनकाटा 640 मीटर. आमच्याच केबलवर तिथं 100 मेगाबिटची लिंक आठ-नऊ वर्षं बिनतक्रार चालली होती, कारण त्या वेगाला मल्टिमोड दोन किलोमीटरपर्यंत धकते. गिगाबिटला मात्र 62.5 मायक्रॉन गाभ्याची तीच केबल 850 नॅनोमीटरच्या प्रकाशावर पावणेतीनशे मीटरला दम टाकते. रुंद गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो, बरोबर निघालेले किरण पुढेमागे पोचतात आणि वेग वाढला की एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. सिंगल मोडचा, म्हणजे पिवळ्या जॅकेटच्या केबलचा, गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा, त्यात वाट एकच. म्हणून नेहमीच्या 1310 नॅनोमीटरच्या मॉड्यूलवर दहा किलोमीटर जातं.

पिवळी केबल घ्यायची ठरलं. केबल ओढणं हेच सगळ्यात सोपं काम निघालं. उंदरांच्या भीतीनं पत्र्याचं कवच असलेली बारा कोअरची (बारा तंतूंची) घेतली, चार दिवसांत डक्टमधून पार. खरा खर्च टोकांवर झाला. हातानं घासलेले कनेक्टर इथं चालेनात, पिगटेल, म्हणजे कंपनीतून कनेक्टर बसवून आलेले फायबरचे तुकडे, जोडावे लागले. तंतू वितळवून जोडणारं आमचं सेकंडहँड स्प्लायसिंग मशीन काचेच्या बाहेरच्या कडा जुळवायचं. मल्टिमोडला ते खपून जायचं, पण इथं मायक्रॉनभर सरकलं तरी लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, दिसतो. एक जॉइंट 0.05 डीबीचा (डीबी हे लॉसचं माप), पुढचा 0.3 चा. शेवटी गाभा बघून जुळवणारं मशीन कर्जावर घेतलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

लिंक उठली, बिल दिलं, गाळप हंगाम सुरू झाला. तिसऱ्याच आठवड्यात रात्री फोन : “काटा बंद पडलाय, लवकर या!” पोचलो तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर गेलेली. एक आजोबा गाडीतून उतरून म्हणाले, “अहो साहेब, ऊस वाळतोय, वजन घटतंय माझं!” त्यांना काय सांगणार? ओटीडीआर (प्रकाशाचा ठोका सोडून केबलमधला दोष शोधणारं यंत्र) लावला तर केबल ठणठणीत. गंमत म्हणजे काट्याकडे प्रकाश व्यवस्थित येत होता, ऑफिसकडे नीट पोचत नव्हता. पॅच कॉर्डला, म्हणजे केबलच्या टोकापासून स्विचला जाणाऱ्या छोट्या केबलला, हात लागला की लिंक यायची, सोडला की जायची.

टेबलाखाली टॉर्च मारला आणि भावानं कपाळावर हात मारला. काट्याच्या टोकाला कॉर्ड केशरी! साफसफाईत पिवळी तुटली म्हणून कुणीतरी कपाटातली जुनी लावली होती. कनेक्टर हुबेहूब सारखा, बसतोही चपखल. नऊ मायक्रॉनमधून पन्नास-साठमध्ये प्रकाश सहज उतरतो. उलट दिशेनं मात्र घागरीतलं पाणी बाटलीत ओतल्यासारखं, बहुतेक बाहेरच. चूक आमचीच. जुन्या कॉर्ड आम्ही तिथून उचलल्याच नव्हत्या.

पिवळी कॉर्ड लावली तरी लॉस दीड डीबी जास्त. स्कोपमधून (छोट्या मायक्रोस्कोपमधून) टोक पाहिलं तर गाभ्यावर बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) कण आडवा पडलेला. हंगामात तो भुस्सा कपाटात, चहाच्या कपात, सगळीकडे असतो. मल्टिमोडला एवढ्याशा कणानं फरक पडला नसता. टोक पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं, तेव्हा आकडा खाली आला. पहाटे साडेतीनला पहिली ट्रॉली काट्यावर चढली.

तेव्हापासून स्कोपमध्ये पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी कनेक्टर खोचत नाही. खोचला तर चहा त्याच्याकडून. रीडिंग 1310 आणि 1550 दोन्हींवर घेतो. 1550 वरच लॉस फुगला तर केबल कुठेतरी घट्ट वळली आहे, बहुधा आमच्याच पोरानं झिप टाय आवळलाय, असं धरून शोधायला लागतो. हिरवे आणि निळे कनेक्टरही एकदा एकमेकांना जोडून झालेत. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं असतं, निळ्याचं नाही. तो दिवस फुकट गेला.

मागच्या वर्षी त्याच कारखान्यानं कॅमेरे वाढवले आणि 10 गिगाबिट मागितलं. आम्ही दोन टोकांचे स्विच आणि मॉड्यूल बदलले. दुपारी जेवून सुरू केलं, चहाच्या वेळेला संपलं. पिवळ्या केबलला हातही लावला नाही, त्यामुळे केबलचं बिलही लागलं नाही. भाऊ अजून त्यावर कुरकुरतो.